लाइनवर कोणीतरी आहे

४ जानेवारी, रविवार. डोंबिवली पूर्व.
नवीन वर्ष, नवी डायरी. संकल्प एकच. माझ्या फोनमध्ये कोण बसलंय ते शोधून काढायचं.

फोन दुपारी गरम असतो. मी जेवून तासभर पडतो, फोन टेबलावर पडलेला असतो, आणि उठून बघावं तर तव्यासारखा. डेटा संध्याकाळपर्यंत अर्धा. परवा डोळा किलकिला करून बघितलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे माइक किंवा कॅमेरा चालू. हे मी वाचलेलं आहे.

कारण उघड आहे. नोव्हेंबरात वर्तमानपत्रात माझं पत्र आलं, दिवा गावातल्या टँकरच्या पाण्यावर. संपादकांनी निम्मं कापलं, तरी उरलेलं निम्मं कुणाला तरी चांगलंच झोंबलेलं दिसतं. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. कागद कुठवर पोचतो ते मला कोणी शिकवू नये.

सुमतीला सांगितलं की माझं बोलणं कोणीतरी ऐकतंय. ती म्हणाली, बरं झालं, मला जरा आराम.

६ जानेवारी, मंगळवार. दुपारी.
फोन आला. अनोळखी नंबर. हॅलो म्हटलं. पलीकडे काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. श्वास. कोणीतरी फोन अगदी तोंडाशी धरून नुसता श्वास घेत होतं. कोण बोलतंय म्हणून ओरडलो. श्वास तसाच. मागून एक बारीक, चिरका आवाज आला, मांजराचं पिल्लू कुठेतरी अडकावं तसा. अंगावर सर्रकन काटा आला. मग फोन बंद.

घाबरलो नाही. पंखा बंद केला तो थंडीमुळे. दाराला कडी घातली ती सवयीने.

९ जानेवारी, शुक्रवार.
शत्रूने नवी आघाडी उघडली. फोनवर जाहिराती येतायत त्या अशा: दुपटी, बाळगुटी, मालिशचं तेल, डायपर. माझं वय सदुसष्ट. याला म्हातारचळ लागलाय असं सिद्ध करायचं, म्हणजे उद्या पत्र लिहिलं तर लोक हसतील. डाव लक्षात आला. सुमतीला दाखवलं तर ती लाल झाली आणि आत निघून गेली. बाईमाणूस, लाजली.

आत अळीव भिजत घातलेले होते. लाडू करते आणि मला देत नाही, तुम्हाला उष्ण पडतील म्हणते. सगळे भजनी मंडळाला. मंडळ विठ्ठलवाडीला. अख्ख्या डोंबिवलीत पावलोपावली भजनी मंडळं असताना विठ्ठलवाडी कशाला, असं विचारलं. म्हणाली, तिथे टाळ छान वाजवतात.

विठ्ठलवाडी म्हटलं की मी पुढे विचारत नाही. तिथे देवयानी राहते. आमची मुलगी. एकुलती एक. स्वतःच्या मनाने लग्न केलं. तो केटरिंग करतो. लोकांच्या पंगतीत पुलाव वाढणारा जावई! मी दारात उभं राहून सांगितलं, यापुढे माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. तिचा नंबर तिथेच डिलीट केला. नंबर मी कुणाचेच पाठ करत नाही, त्यासाठी तर फोन असतो. तेव्हापासून ती खरोखर एक शब्द बोललेली नाही. शब्दाची पक्की. माझ्यावर गेली. विषय संपला.

११ जानेवारी, रविवार.
वरच्या मजल्यावरचा स्वानंद ठाण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याला बोलावलं. फोन विमान मोडवर टाकूनच त्याच्या हातात दिला. त्याने तो मोड काढून *#21# दाबून दाखवलं. कॉल कुठेही वळवलेले नाहीत असं आलं. मी म्हटलं, चोर कधी पाटी लावतो का. मग त्याने सगळी ॲप तपासली. माझी पंचांगाची दोन, शब्दकोड्याचं एक. संशयास्पद काही नाही म्हणाला.

मग सर्च हिस्टरी उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'बाळाला उचकी लागली तर काय करावे.' 'बाळ दूध टाकते.' 'बाळ कुशीवर कधी वळते.' मी यातलं काहीही शोधलेलं नाही. स्वानंद म्हणाला, काका, घरातलंच कोणीतरी वापरत असेल. मी म्हटलं, घरात आम्ही दोघं. सुमतीकडे बटणांचा फोन आहे, आणि तिला साधा व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही. स्वानंदने सुमतीकडे बघितलं. सुमतीने त्याला लाडू दिला. त्याला दिला!

त्याला म्हणे घाई होती. गेला. कॉम्प्युटरवाल्यांना चिकाटी नसते.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
दुपारी तोच नंबर. तोच श्वास. आज तयारीत होतो. म्हटलं, या या. तिळगूळ घ्या, गोड बोला. बोलताच येत नसेल तर निदान नुसता घ्या. पलीकडे काहीतरी झालं. हसू होतं की हुंदका, सांगता येत नाही, पण माणूस होता. यंत्र नव्हे.

संध्याकाळभर तो आवाज कानातून जाईना. हेराला हसू कशाला येईल?

१७ जानेवारी, शनिवार.
महत्त्वाचा शोध. मी जोरात बोलायला लागलो की मागचा तो चिरका आवाज बंद पडतो. काल कलमवार सुनावलं. नागरिकांचे हक्क, टेलिफोनचं पावित्र्य, टँकर लॉबी. दहा मिनिटांत तिकडे चिडीचूप. माझ्या आवाजाने त्यांचं यंत्र जाम होतं! आवाजात दम लागतो. कचेरीत माझी हाक तळमजल्यापर्यंत जायची.

आज मात्र फोन आला नाही. शनिवारी सुट्टी असेल. तीन वाजल्यापासून टेबलाशी बसून होतो. चहा निवला. एकदा रिंग झाली तर ती कर्ज हवंय का विचारणारी बाई. तिच्यावर उगाच खेकसलो.

२० जानेवारी, मंगळवार.
संरक्षण. वाचलं की धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात फोन ठेवला की लहरी आत जात नाहीत. झोपताना कुकरमध्ये ठेवला, शिट्टीसकट. सुमती दुपारभर घरात येरझाऱ्या घालत होती. उठलो तर म्हणाली, फोन कुठाय तुमचा. तुला कशाला हवाय, विचारलं. काही नाही म्हणाली, आणि डाळ लावायला म्हणून कुकर काढायला गेली. वेळेवर धावलो म्हणून वाचला.

पण फोन थंडगार! उपाय लागू पडला. शिवाय आता बोटाच्या ठशाचं कुलूपही घातलं. सुमतीचा चेहरा पडला. कुकर अडवला म्हणून असावं.

२३ जानेवारी, शुक्रवार.
कपाटात मफलर शोधताना हलव्याचे दागिने सापडले. एवढासा मुकुट, बासरी, इवल्या बांगड्या, आणि काळ्या कापडाचं झबलं, माझ्या तळहाताएवढं. सुमतीला विचारलं. शेजारच्या मायाच्या नातीचं बोरन्हाण आहे म्हणाली. मायाची नात पाचवीत आहे. मी तसं म्हटलं. सुमती म्हणाली, दुसरी नात.

झबलं पुन्हा घडी घालून ठेवायला वेळ लागला. फार मऊ होतं. देवयानीच्या बोरन्हाणाला तिने बोरं सोडून सगळ्यांच्या अंगावरचे चुरमुरे खाल्ले होते. उगाच आठवलं. हे लिहायची गरज नव्हती.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी.
सुमती सकाळीच पिशव्या भरून बाहेर. मी एकटा. फोन आला. आज भाषण द्यावंसं वाटेना. शत्रूशीही रोज काय भांडायचं. म्हटलं, बसलाच आहात तर बसा. बीपी वाढलंय म्हणून सांगितलं. घर दुपारी फार मोठं वाटतं, हेही बोलून गेलो. तो ऐकत होता. मध्ये कापडाची सळसळ झाली. मागे पुष्कळ माणसांचा आवाज, बायकांचं हसणं, आणि वाटाण्यांसारखं काहीतरी फरशीवर सांडल्याचा आवाज. मोठं ऑफिस असावं.

आमच्या घरात इतकं शांतपणे माझं कोणी ऐकत नाही. हे मी फक्त निरीक्षण म्हणून नोंदवतो.

२७ जानेवारी, मंगळवार.
भयंकर! ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर मेसेज आला. असे मुके फोन करणारे आधी आवाज गोळा करतात, मग घरच्यांची माहिती काढतात, मग तुमच्या मुलांना गाठतात. परवा मी त्याला काय काय सांगून बसलो! उद्या माझ्याच आवाजात देवयानीला फोन गेला तर? पोरगी साधी आहे. बाबा बोलावतायत म्हटलं तर अंगावरच्या कपड्यांनिशी निघेल.

तीनला फोन आला. ठरवून ठेवलं होतं, खोटी माहिती द्यायची. मी ठणकावून सांगितलं: तुम्ही माझ्या कुटुंबापर्यंत पोचायला बघताय, पण माझं कोणी नाही. मला मुलगी नाही. होती ती माझ्यासाठी संपली. तिचं काय व्हायचं ते होऊ दे, मला तिची आठवणसुद्धा येत नाही.

श्वास थांबला. पूर्ण थांबला. मग नाक ओढल्यासारखा आवाज, आणि लाइन कट.

जमलं! आता तिच्या वाटेला कोणी जाणार नाही. बोलताना माझाच आवाज चिरकला, पण त्याने उलट खरं वाटलं असणार.

२९ जानेवारी, गुरुवार.
काल फोन नाही. आज नाही. संपूर्ण विजय.

सुमती विठ्ठलवाडीहून डोळे सुजवून आली. भजनात धूप फार होता का, विचारलं. ताट वाढलं आणि पाठ करून बसली. आमटीत मीठ नव्हतं. मागायची हिंमत झाली नाही.

३१ जानेवारी, शनिवार.
विजय पक्का करून टाकला. जुनं सिम कात्रीने कापलं, नवीन नंबर घेतला. फोन पहिल्यासारखा कोरा करून आणला. नवा नंबर जगात कुणाकडेही नाही. ग्रुपलाही कळवला नाही. सुमतीला द्यायला गेलो तर ती अबोला धरून बसलेली. हातानेच नको म्हणून सांगितलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
फोन थंड. डेटा शिल्लक. जाहिराती दाढीच्या साबणाच्या. ठिपका नाही. श्वास नाही.

तीनच्या सुमारास फोन कुकरमधून काढून समोर ठेवला. तसाच ठेवला. नीट चालतोय ना बघावं म्हणून खालच्या किराणावाल्याच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला. वाजला. उचलला. हॅलो म्हटलं. माझाच आवाज दोन्हीकडून आला. किराणावाला बघत होता, म्हणून पोहे घेतले.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
स्वानंद जिन्यात भेटला. मोठ्या ऐटीत फोन दाखवला. म्हणाला, काका, एकदम क्लीन. मग म्हणाला, पहिल्यापासून क्लीनच होता. सुमती मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होती. घरात येऊन तिने पिशवी ठेवली आणि इतक्या दिवसांनी बोलली.

अहो, ती देवयानी होती.

मी म्हटलं, कुठली देवयानी. ती म्हणाली, आपली. अजून किती देवयान्या आहेत तुम्हाला. गणपतीत मुलगी झाली तिला. एक शब्द बोलायचा नाही म्हणालात ना, म्हणून बोलत नव्हती. नुसता तुमचा आवाज ऐकायची. पोर दुपारी किरकिर करायला लागली की तुम्हाला फोन लावायची, आणि तुमचं भाषण सुरू झालं की पोर झोपायची. जावईबापूंनी ताट वाजवून बघितलं, पाळणा म्हणून बघितला, कशानेच झोपायची नाही. फोन गरम व्हायचा तो माझ्यामुळे. तुम्ही घोरत असायचात तेव्हा मी त्याच्यावर व्हिडिओ कॉल लावून नात बघायचे. उचकीचंही मीच शोधायचे, बोलून शोधता येतं, स्वानंदने शिकवलं. बोरन्हाणात मुद्दाम तिने तुम्हाला फोन लावून ठेवला होता, आजोबा हवेत म्हणून.

मग म्हणाली, आणि त्या मंगळवारी तुम्ही तिला मुलगीच नाही म्हणालात.

मी म्हटलं, अगं ते मी तिला वाचवायला बोललो. सुमती म्हणाली, ते तिला कसं कळायचं.

जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज बोलायचं. सकाळपासून मुद्दे काढले. गैरसमजाची पार्श्वभूमी, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजची भूमिका, मग शेवटी बाळाला आशीर्वाद. आरशासमोर म्हणून बघितलं. दोन ठिकाणी अडलो, तो भाग गाळला.

तीन वाजता सुमतीने तिच्या फोनवरून लावून माझ्या हातात दिला. देवयानीने लगेच उचलला. म्हणाली, बोल गं आई.

मी श्वास घेतला. बहुतेक जोरात घेतला. ती एकदम गप्प झाली. मागे पोर कुरकुरत होती. मुद्दे सगळे पळाले. मी विचारलं, पाणी नीट येतं का तुमच्याकडे.

येतं म्हणाली.

पोर रडायला लागली. मला वाटलं काहीतरी मोठ्याने बोलावं म्हणजे झोपेल, पण तोंडातून शब्द फुटेना. मग देवयानीच म्हणाली, तुमचा नंबर बंद लागतो. म्हणजे त्यानंतरही तिने लावून बघितला होता. मी म्हटलं, हो, बदलला. सुरक्षेसाठी. नवीन कुणालाच दिलेला नाही.

ती म्हणाली, बरं केलंत. पोरीला घ्यायला हवं म्हणाली, आणि फोन ठेवला.

सुमती पदराला हात पुसत समोर उभी होती. तिने विचारलं, दिलात का नवा नंबर.

मी म्हटलं, तिने मागितला नाही.