कासवांचं देज

सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी, ता. मुरबाड
माघ महिना, सन १९४३

चिरंजीव कमळाकर यास थोरली बहीण सुंदरा हिचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल आहेत असं आधी लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, खरं काय ते पुढे वाचशीलच. तुझी तब्येत कशी आहे? जेवतोस का वेळेवर? (बोटीवर दुसऱ्यांसाठी रांधणाऱ्या माणसाला हे विचारू नये, पण तू लहानपणीसुद्धा सगळ्यांना वाढून स्वतः पाणी पिऊन निजणारा.) गेल्या आखाजीपासून तुझं पत्र नाही. मोंबासाहून आलेलं तेच शेवटचं. इथे बाजाराला गेलेली माणसं लढाईच्या नाही नाही त्या गोष्टी घेऊन येतात, दर्यात बोटी बुडतात म्हणतात. मी त्यांना सांगते, आमच्या कमळाकरला लिहायचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत पत्र टाकलं की ते बोटीवर पोचवतात, असं मुरबाडचे पोस्टमास्तर म्हणाले. आधीची पत्रंही मी त्याच कचेरीत पाठवली होती. मिळाली असतील तर तुला लाज वाटली पाहिजे.

आता मुद्द्याचं. तुझ्या कासवांचं काय करायचं ते कळव, आणि कुणाला द्यायची झाली तर पैसे घ्यायचे की नाही तेही कळव. तू त्या दोघांना बोटीवरून धोतरात गुंडाळून आणलंस तेव्हा ती वाटीएवढी होती. ताई, मी येईपर्यंत सांभाळ, म्हणालास. येईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत हे मी विचारलं नाही, आणि कासव केवढं वाढतं हे तू सांगितलं नाहीस. मधे एकदा आलास तेव्हा ती परातीएवढी झाली होती, तेव्हा कौतुक करून गेलास. आता थोरलं उचलायला चार गडी लागतात आणि ते चौघे मग दुसऱ्या दिवशी कामाला येत नाहीत. मागच्या पावसात त्याने राबातली भाताची रोपं अशी साफ केली की आम्हाला शेजाऱ्यांकडून रोपं मागून आणून लावणी करावी लागली. धाकटं त्यातल्या त्यात गरीब, ते फक्त भोपळ्याचे वेल आणि वाळत घातलेली लुगडी खातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं लोक म्हणतात. ही धरली तर चावत नाहीत आणि सोडली तर पळतही नाहीत, दारातच बसून राहतात आणि येणारा-जाणारा अडखळून पडतो. आणि एक सांगून ठेवते. थोरल्याला तू गंमत म्हणून आमच्या घरधन्यांचं नाव ठेवून गेलास, ते मला तोंडाने घेता येत नाही. म्हणून इतकी वर्षं मी त्याला 'ऐकलं का' अशीच हाक मारते. त्यावर दोघेही बघत नाहीत.

तू म्हणशील, इतकी वर्षं सांभाळलीस, आता काय झालं? झालं असं की यांना कसाऱ्याला रेल्वेच्या लाइनीवर काम मिळालं. राहायला खोली आहे, एवढीशी. शेती धाकट्या दिरांकडे राहील, पण जाऊबाईंनी स्पष्ट सांगितलं की भावजी गेले, वहिनी गेल्या तरी चालेल, कासवं इथे राहायची नाहीत. खोलीत नेली तर आम्ही उभ्याने निजायचं की काय? शिमगा झाला की यांना हजर व्हायचं आहे. तेव्हा दोघांना कुठेतरी चांगल्या घरी लावून द्यायचं ठरलं आणि तिथून माझ्या जिवाला घोर लागला, तो आजपर्यंत.

पहिला आला तो शहापूरचा एक खाणावळवाला. गोड बोलला, चहा प्यायला, थोरल्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, किती मण भरेल? मी म्हटलं, कशाला? तो हसला. त्याचं हसणं बघून मी काय ते समजले आणि खराटा उचलला. (हे म्हणाले, विचारण्यात काय गुन्हा आहे. यांना कुणाचंच काही वाईट दिसत नाही, म्हणून तर जमीन अशी बांधाबांधाने आखडत गेली.) मग म्हसा गावची गुरांची जत्रा आली, तेव्हा थोरल्याला बैलगाडीत घालून नेलं. जाताना यांनी मला बजावलं की कासव म्हणजे देवाचा अवतार, मंदिरात देवासमोर बसतो तो, त्याचे पैसे घेणं आपल्याला पचायचं नाही, फुकटच द्यायचं. ठीक आहे म्हटलं. तिथे कल्याणकडचा एक शेतकरी पुढे आला. त्याच्या दलालाने बाजाराच्या रिवाजाप्रमाणे यांचा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबून किंमत बोलायला लागला. आता उपरण्याखाली दहा म्हणायला खूण आहे, शंभर म्हणायला आहे, पण फुकट म्हणायला खूण नाही. हे बापडे हात तसाच सैल सोडून गप्प उभे. दलालाला वाटलं, गडी मोठा चिवट आहे, म्हणून तो किंमत चढवत गेला. यांच्या कपाळावर घाम. शेवटी हात ओढून घेऊन म्हणाले, फुकट देतोय रे बाबा, फुकट. ते ऐकलं आणि जमलेली माणसं मागे सरकली. फुकट म्हणजे जनावरात खोड असणार. एकाने दात बघू म्हटलं. कासवाला दात नसतात. मग सगळ्यांचं एकमत झालं की जनावर म्हातारं आहे आणि ही माणसं गळ्यात मारायला आली आहेत.

तरी तो कल्याणकडचा तयार होता. मी विचारलं, ठेवणार कुठे? तो म्हणाला, विहिरीत सोडीन, पाणी साफ राहतं. अरे, हे चालणारं कासव, पोहणारं नव्हे, तळाला जाईल. मी गाडी जुंपायला लावली. त्यांना पाण्यात सोडायची गोष्ट कुणी काढली की मी तिथे उभी राहत नाही. का, ते विचारू नकोस. येताना बायकांनी थोरल्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, ते अजून गेलेलं नाही.

आता ऐक, चांगलं स्थळ आलं आहे. शहापूरच्या अलीकडे गीताबाई म्हणून एक विधवा बाई आहेत, भाताची शेती आहे, आंब्याची बाग आहे, बागेला दगडी गडगा आहे. नातवंडं मुंबईला, घर मोकळं. दोघांनाही नेते म्हणाल्या. मी जाऊन बघून आले. (पाणी गोड आहे, सावली आहे, कुत्रा म्हातारा आहे.) मला वाटलं, सुटलो. पण कसलं काय. गीताबाई म्हणतात, 'फुकट नको गो बाय, फुकटचं जनावर धन्याला लागत नाय, पैसं घ्या.' हे म्हणतात, देव विकून मी दमडी घेणार नाही. बाई पदराची गाठ सोडतात आणि हे हात मागे बांधतात. दोघेही सज्जन, आणि दोन सज्जनांचं भांडण मिटत नाही, कारण कुणाचीच चूक नसते. मला तर दोन्ही पटतं. विकावं तर पाप, आणि फुकट द्यावं तर उद्या कुणी म्हणणार, फुकटचंच आलंय, घाला कालवणात.

तेव्हा धाकलूदादा, आमच्या वाडीतले सगळ्यात जुने, त्यांनी तोड काढली. ते म्हणाले, 'पोरीचं देज घेतो का नाय आपण? मग पोर इकली का?' (तुला खारं पाणी पिऊन विसर पडला असेल तर सांगते, आपल्यात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात, ते.) देज घेतलं की पोर विकली असं होत नाही, पण फुकटची आली असं म्हणायचीही सोय राहत नाही. सणाला माहेरी आणता येते. सासरी हाल झाले तर चार माणसं घालून जाब विचारता येतो. अरे, इतकं सोपं होतं. यांनी मान डोलावली, गीताबाईंनी डोलावली. थोरलं ते नवरी आणि धाकटं पाठराखीण असं ठरलं. (कोण बाई आणि कोण बाप्या हे आम्हाला अजून कळलेलं नाही. नवरीला घरधन्यांचं नाव आहे हे कुणी बोललं नाही, मीही नाही.) सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात गीताबाई म्हणाल्या, देज ठरवायला मामा पाहिजे ना, मामा कुठाय?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मामा तू. मी त्यांना न्हाऊमाखू घातलं, म्हणून आई मी, तर मामा तूच. मी सांगितलं, मामा बोटीवर आहे, त्याला लिहिते, तो आकडा कळवील, मग सुपारी फोडू. गीताबाई थांबायला तयार आहेत, पण शिमगा तोंडावर आला. तेव्हा हे पत्र मिळताच देज किती घ्यायचं ते उलट टपाली कळव. यांचा नमस्कार. कासवं मजेत आहेत. जेवत जा, थंडीत छातीला तेल लावत जा, आणि बोटीच्या कडेला उभा राहत जाऊ नकोस.

तुझी ताई,
सुंदरा

ता. क. वरचं सगळं यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कसाऱ्याला पुढे मी एकटा जातो, तू मागाहून ये. आता पुढचं लिहिते ते यांना वाचून दाखवणार नाही.

दुसरा ता. क. परवा आमचा गणू (यांचा चुलतभाऊ, सगळ्या कामात पुढे) म्हणाला, नसलेल्याची वाट किती बघायची, मी मानलेला मामा होतो, उरकून टाकू. धाकलूदादा काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिले. हे खाली बघत चुन्याची डबी शोधत बसले, डबी हातातच होती. तेव्हा मला कळलं की सगळ्यांच्या मनात एकच आहे आणि ते बरेच दिवस आहे. मी गणूला असं काही बोलले की तो अजून आमच्या दारावरून जात नाही. कमळाकर, मला किमतीचं काही पडलेलं नाही. गीताबाईंना मी पहिल्याच दिवशी दोन्ही दिली असती, वर भाकरी बांधून दिली असती. पण मानलेला मामा उभा केला की खरा मामा नाही असं सगळ्या वाडीने कबूल केल्यासारखं होतं, आणि ते मी करू द्यायची नाही. हे कसाऱ्याला गेले तर जाऊ देत. जाऊबाईंनी घराबाहेर काढलं तर मी गोठ्यात राहीन, दोघांना घेऊन.

तिसरा ता. क. आकडा कळव. रुपया म्हण, नाहीतर हजार म्हण, मी भांडणार नाही. कागद नसेल तर कशावर तरी लिही. खाली सही नसली तरी चालेल. अक्षर तुझं पाहिजे.