बारके चिकू

गुरुवार, ४ डिसेंबर

आज लखीने मला जाब विचारला. या पावसाळ्यात गवत कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची बोटं गेली. पंधरवड्यापूर्वी मी तिला आमच्या वाडीत पुन्हा चिकू निवडायला घेतलं. डाव्या हाताने निवडताना मोठ्यांत बारके जातात; मी ते गुपचूप काढत होते. आज तिने पाहिलं.

“बाई, सगळ्यांवर खेकसता, माझ्यावर का नाय?”

“तुझा हात…”

“हात गेला, कान हायेत ना?” बाकीच्या बायका हसल्या. ती नाही. “ओरडत नाय, म्हंजे कामावर ठेवायची नाय ना मला?”

ही माझी दया होती, की तिला जमणारच नाही असं धरून चालले होते?

संध्याकाळी तिच्या पेटीत पुन्हा दोन बारके. “लखे, लक्ष कुठंय?” ओरडलेच.

तिने ते स्वतः वेचून काढले आणि म्हणाली, “बाई, उद्या येते.”