कडुनिंबाखालची चौकट

बुधवार, रात्र. उधना.

ती घंटी अजून कानात वाजतेय. पहिलीच्या मुलांसाठी टॅबवरचा खेळ बनवतेय मी. चित्रात एक गाव, आणि प्रश्न: विहीर कुठे आहे? विहिरीवर न दिसणारी चौकट आखायची. बोट तिथं पडलं की घंटी वाजते आणि ‘बरोबर!’ उमटतं. दुपारी ती चौकट माझ्याकडून अख्ख्या चित्रावर ओढली गेली. मला कळलंच नाही, आणि आईला म्हटलं, जरा खेळून बघ.

तिनं गाईला बोट लावलं. बरोबर! आभाळाला लावलं. बरोबर! मग कडुनिंबाखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "इथं आपलं घर." घंटी वाजली. केवढी हसली! धुळ्याहून माझ्याकडे आल्यापासून तिचं सगळं चुकतंच... भाजीवालीशी गुजराती, लिफ्टचं बटण, परतीची गल्ली.

मी चौकट दुरुस्त केली. करायलाच हवी होती ना? संध्याकाळी तिनं चित्र पुन्हा मागितलं आणि सरळ कडुनिंबाखाली बोट ठेवलं. ‘पुन्हा प्रयत्न करा.’

"असू दे," म्हणाली, "इथंही चुकलंच." आणि कणीक मळायला गेली.

आत्ता फाईल पाठवली. विहिरीवर चौकट आहे. कडुनिंबाखालीही एक आहे, बोटाएवढी. खेळाचं काम देणाऱ्या सरांच्या लक्षातही येणार नाही. आईला सांगितलेलं नाही. उद्या चहा झाला की चित्र तिच्या पुढ्यात ठेवीन आणि विचारीन, आई, घर कुठंय आपलं?