ढोबळी मिरची आणि माझा शांत स्वभाव

२ ऑक्टोबर १९८६
गांधी जयंती. मुहूर्त चांगला. आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही.
तसा मी शांतच. राइस मिलमधली सुपरवायझरची नोकरी मी स्वतःहून सोडली. मुकादमाच्या कानाखाली वाजवल्यावर मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नको. पण माझ्या मनात ते आधीच होतं.
मूल गावचे डॉक्टर म्हणाले, बीपी आहे, झाडांत मन रमवा. कृषी सहायकाने ढोबळी मिरचीचं बी दिलं, सोबत पुस्तिका. आपल्या भागात ही कोणी लावलेली नाही. म्हणजे पहिला मी. गादीवाफा करून बी टाकलं. बायको रुखमा म्हणाली, धानाच्या बांधीत मिरची? मी काहीच बोललो नाही. हातातला तांब्या तेवढा भिंतीपर्यंत गेला. तिने तो उचललासुद्धा नाही.

१७ ऑक्टोबर
रोपं बुडाशी कुजून आडवी पडताहेत. पुस्तिका म्हणते, पाणी जास्त झालं. मी दिवसातून चारच बादल्या देत होतो, तेही प्रेमाने. पुस्तिका फाडली. संध्याकाळी भाताच्या खळीने चिकटवली. उरलेल्या रोपांना आता रुखमा पाणी देईल. मला इतर प्लॅनिंग आहे.

१६ नोव्हेंबर
लागवड. चारशे रोपं, दीड दीड फुटावर. शेजारी लटारू बांधावर येऊन उभा. त्याचं-माझं शेत लागून, विहीर सामाईक. विचारतो, "वामनराव, हे तिखट नसते म्हंते, मंग याले मिरची काऊन म्हंते?" मी सायंटिफिक पद्धतीने समजावलं. तो हसला. मी रागावलो नाही. फावडं जोरात जमिनीत मारलं, एवढंच. मध्ये माझा अंगठा होता. नख गेलं.

९ डिसेंबर
वानरं आली. तीसेक. कोवळे शेंडे खाऊन राहिली होती. माझी थिअरी अशी की जनावराच्या डोळ्यांत रोखून पाहिलं की ते हटतं. काठी घेऊन मोठ्या हुप्प्यासमोर उभा राहिलो, रोखून पाहिलं. त्याने माझ्या थोबाडीत मारली. उघड्या पंजाने, अगदी मिलमधल्यासारखी. मग दंडाला चावला. लटारू डबा बडवत आला, वानरं पळाली. त्यानेच बैल जुंपून मला खासराने दवाखान्यात नेलं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची आहेत. वाटेत त्याला सांगितलं की दोन मिनिटं थांबला असतास तर मीच आवरलं असतं.

२९ डिसेंबर
फुलं लागली. पुस्तिका: पहिलं फूल खुडावं, झाडात जोर येतो, फळ मोठं धरतं. हे काम मला फार आवडलं. चारशे झाडांची पहिली फुलं खुडली, हात थांबेना म्हणून दुसरीही घेतली. रुखमाने मागून मनगट धरलं. "पयलं तोडाचं, सारी नाई." तोवर अर्धा प्लॉट साफ झाला होता. जोर मात्र नक्की येणार.

१३ जानेवारी १९८७
फळं मुठीएवढी. पाण्यात खंड पडला की बूड काळं पडतं. आज विहिरीवरच्या मोटारीची पाळी माझी. लटारू म्हणे त्याच्या हरभऱ्याला एकच पाणी द्यायचं आहे. त्याने पाणी आपल्याकडे वळवलं. मी बटन बंद केलं, त्याने चालू केलं. असं सहा वेळा. सातव्या वेळेस मी फावड्याचा दांडा उचलला. तीन फटके दिले, दोन त्याच्या पाठीत, एक मोटारीवर. त्याने एकच दिला. माझा पुढचा दात पाटात पडला, वाहत त्याच्याच वावरात गेला.
रुखमा आणि लटारूची बायको गुणाबाई, दोघींनी मिळून आमच्यावर बादलीभर पाणी ओतलं. जानेवारीतलं. मग दोघींनीच ठरवलं: सकाळी आमची पाळी, दुपारी त्यांची. मीही हेच सुचवणार होतो. दाताअभावी बोलता आलं नाही.

४ फेब्रुवारी
तोडणी. हिरवी, टणक, चकचकीत फळं घ्यायची. देठासकट कात्रीने कापायची, ओढायची नाहीत. मी अकरा ओढली, अकरा फांद्या हातात आल्या. मग कात्री घेतली, तिचा दांडाच तुटला. हल्ली माल कच्चा येतो. उरलेलं रुखमा आणि गुणाबाईने कापलं. आठ क्रेट!
साठवणीची आयडिया पुस्तिकेतली, पण बांधकाम माझं. जांभळीच्या सावलीत विटांचा हौद, दुहेरी भिंत, मधल्या फटीत नदीची रेती. रेती सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वर ओलं पोतं. आत चांगला गारवा राहतो. मिरची धुवायची नाही, खरचटलेली वेगळी काढायची, पिकलेलं फळ जवळ ठेवायचं नाही. रुखमाने हौदावर पपई ठेवली होती. ती मी बांधापलीकडे फेकली. लटारूच्या बैलाला लागली.

६ फेब्रुवारी
उद्या चंद्रपूरच्या वीजकेंद्राची वसाहत, ऊर्जानगर. हजारो कामगार, मोठं कँटीन. टोपलीभर नमुना नेतो. एकदा बोलणं झालं की दरवर्षीचं काम.

८ फेब्रुवारी, चंद्रपूर, दवाखाना
बोलणं झालं. कँटीनच्या ठेकेदाराने मिरची अंगठ्याने दाबली, म्हणाला, आतून पोकळ आहे. मी सांगितलं, ही पोकळच असते. त्याने दुसरीला नख खुपसलं. मी टोपली उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. कदाचित जोरात. त्याची चार माणसं होती. मी एकटा, तरी दोघांना पाडलं असावं. नक्की आठवत नाही.
दोन बरगड्या मोडल्या. तीन दिवस हलायचं नाही. रेती कोण ओली करेल? रुखमाला सगळं जमतं असं नाही. माल सडला असणार. किंवा कोणी नेला असणार.

११ फेब्रुवारी
दुपारच्या बसने उतरलो. घरी न जाता सरळ वावरात.
हौदावरचं पोतं बाजूला. लटारू कमरेपर्यंत आत वाकलेला. झाडाच्या आधाराचा बांबू उपटला आणि मारला. त्याने हात वर केला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला.
मग घागर दिसली. भिंतीतली रेती ओली होती. मिरच्या सगळ्या जागच्या जागी, गार, चकचकीत. खरचटलेल्या वेगळ्या काढलेल्या.
लटारू ओरडला नाही. हात मांडीवर घेऊन खाली बसला. म्हणाला, "भाऊ, पानीच टाकून राह्यलो होतो."
नंतर कळलं, मी गेल्यापासून पाच दिवस टाकत होता. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन. रुखमा मला आणायला चंद्रपूरला गेली होती, आमची चुकामूक झाली.
मी बैल जुंपायला गेलो. जू दोनदा उलटं लागलं. शेवटी गुणाबाईने जुंपलं. वाटभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खासर मी हाकलं.

१४ फेब्रुवारी
हाड दोन जागी मोडलं. प्लास्टर दीड महिना.
रुखमा बोलत नाही. तिने आणि गुणाबाईने आठही क्रेट मूलच्या बाजारात नेले. एका हॉटेलवाल्याने सगळे घेतले, आणखी आहे का विचारलं म्हणे. हे मला दसरू टेलरकडून कळलं.
गावातले चार जाणते बसले. लटारू म्हणाला, पोलिसांत जायचं नाही. निकाल: हात बरा होईपर्यंत त्याच्या वावराचं काम मी करायचं. मी स्वतःच उठून हे बोलणार होतो. बरगड्यांमुळे उठायला वेळ लागला, तोवर त्यांनी बोलून टाकलं.

२१ फेब्रुवारी
सात दिवस हरभरा कापतो आहे. झाडावरच्या आंबट आंबेने बोटं फुटली. वाकलं की बरगड्या ओरडतात. लटारू बांधावर बसून सांगतो, "अजून खालून काप, भाऊ."
आज म्हणाला, पोराले चिठ्ठी लिहून दे. त्याला लिहिता येत नाही. पोरगा इतवारी बल्लारपूरला कामाला आहे, अंगाने दणकट. मी पोस्टकार्ड मांडीवर घेतलं.
तो सांगू लागला: लिही, माहा हात मोडला. बांधावरून पडलो. काळजीचं काई नाई.
माझं पेन थांबलं. मी म्हणालो, खरं काय ते लिहितो.
लटारू म्हणाला, "खरं लिहिलं तं पोरगा येईन, तुले मारीन. मंग मले हरभरा कोन कापून देईन? लिही, बांधावरून पडलो."
लिहिलं.
म्हणाला, आता खाली लिही, वामनराव शेजारी हाये, तो सारं पाहून राह्यला.
तेही लिहिलं. शेवटची ओळ फिसकटली, शाई पसरली. दुसरं कार्ड आणून सगळं परत लिहिलं, तीच ओळ पुन्हा फिसकटली. लटारू बघत होता.
पेन बदललं पाहिजे.