न आलेल्या पाहुण्यांचं जेवण

सर, तुमच्या घरी येणार येणार म्हणून कधीच न आलेले ते पाहुणे नक्की कोण होते? एवढंच विचारायला बसलोय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, उत्तर मिळणार नाही हे मलाही कळतं, पण एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तो बाहेर पडेपर्यंत मला चैन पडत नाही, हे तुम्ही वर्गात पुष्कळ भोगलंय. तुमचं तापीचं खोरं चाललेलं असायचं आणि मी मध्येच विचारायचो की बाकीच्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात तर हीच पश्चिमेला का जाते, आणि सुरतेकडचे लोक तिच्याशी कुठल्या भाषेत बोलतात. तुम्ही खडू खाली ठेवायचात आणि म्हणायचात, तू एकदा जाऊनच ये बाबा, आणि आम्हालाही सांग. गेलो, सर. सगळीकडेच गेलो. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तेवढी राहून गेली.

शनिवार आठवतो. सकाळचं कॉलेज सुटलंय, तुम्ही फाटकाशी स्कूटर तिरपी लावून उभे आहात, तोंड आंबट. आम्ही चारपाच जण, सगळे बाहेरगावचे, कोणी खोली करून राहणारे, कोणी पहाटेच्या एसटीनं येणारे. तुम्ही आमच्याकडे न बघता हवेशी बोलल्यासारखं सांगता की पाहुणे येणार होते, आले नाहीत, काकूंनी टोपलीभर भाकरी टाकून ठेवल्यात, आता ते शिळं कोण खाणार, चला. कधी बऱ्हाणपूरचे मेहुणे, कधी एरंडोलचे साडू. साडू तर म्हणे पद्मालयाला दर्शनाला गेले आणि तिकडूनच परत फिरले. आमच्यातला एक आगाऊ होता, अमळनेरचा. तो विचारायचा, सर, तुमच्या नातेवाइकांना कंडक्टर एसटीत चढूच देत नाही का? तुम्ही म्हणायचात, माणसं बेभरवशाची, तू मुकाट्यानं चल.

धुळ्यात देवपूरला तुमचं घर, स्वयंपाकघर बेताचंच. हिवाळ्यात मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची. सोलायची आम्ही, लाकडी बडगीत ठेचायची आम्ही, बोटं पोळली की काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. वरून कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, आणि ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी. जळगावकडचा एक जण होता, तो पहिल्या घासाला सांगायचा की भरीत खावं तर आमच्याकडच्या हिरव्या वांग्याचं, हे तुमचं धुळ्याचं वांगं म्हणजे नुसतं पाणी. मग त्यावर वाद, आणि वादात कोणाची कितवी भाकरी हे कोणी बघायचं नाही. तो वाद तुम्ही मुद्दाम पेटवायचात का, हेही विचारायचंय. आत्ताच सुचलं.

एकदा मात्र तुम्ही मला झापलं होतं. साक्रीकडचा एक मुलगा भाकरी घ्यायला लाजत होता. मी त्याच्या ताटात एक टाकली आणि म्हटलं, घे रे, भूक लागली असेल, सकाळपासून काही खाल्लं नाहीस. तो उठून हात धुवायला गेला तो परत पंगतीत बसलाच नाही. तुम्ही मला अंगणात नेलं. आवाज चढवला नाहीत, पण माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलंत ती नजर मी परीक्षा बुडवली तेव्हासुद्धा नव्हती. "जेवायला बसलेल्याला भूक विचारायची नाही," तुम्ही म्हणालात. "भाकरी विचारायची, भाजी विचारायची. भूक त्याची त्याच्याजवळ राहू द्यायची." मी मान हलवली. कळलं होतं का? तेव्हा नाही. तेव्हा मला वाटलं, एवढं काय बोललो मी.

आता हे सगळं आत्ताच का निघालं, तर सांगतो. मी सध्या फ्लेक्स लावायचं काम करतो. त्याआधी रावेरला केळीच्या गाड्या भरल्या (केळीचा घड उचलताना तो बाळासारखा खांद्यावर घ्यावा लागतो, जरा घासला की काळा पडतो, पण ते जाऊ दे), त्याआधी नरडाण्याला एका कारखान्यात पॅकिंगला होतो. तर आपल्याच कॉलेजातून बोर्ड लावायचं काम आलं. मजकूर असा: गरजू विद्यार्थी सहाय्य कक्ष, खाली मोफत अन्न, वह्या, साबण वगैरे, आणि लाल बाण. तुमच्यानंतर आलेल्या एका मॅडमनी चार ठिकाणी हात पसरून ती खोली उभी केलीय. पोहे, बिस्किटं, तांदूळ, पोरींना लागणाऱ्या वस्तू, सगळं नीट मांडलेलं. मी शिडीवर चढून बोर्ड ठोकला आणि वरूनच एक गंमत बघितली. पोरं त्या बोर्डाच्या अलीकडच्या जिन्यानं वर जायची आणि पलीकडच्या जिन्यानं खाली उतरायची. तेवढ्या तुकड्यावरून कोणी चालेचना. सापाला वळसा घालावा तसं.

थोड्या दिवसांनी मी सहज डोकावलो, तर मॅडम एकट्याच बसलेल्या. बिस्किटांना मुंग्या लागलेल्या. खोली कोणी वापरत नसेल तर खेळाचं सामान ठेवायला परत द्या, असं त्यांना वरून सांगून झालं होतं. पण त्यांना खोलीचं एवढं नव्हतं. पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, साक्रीकडच्या पाड्यावरची, तिनं कॉलेज सोडायचा दाखला मागितला होता. आई अंधारातच कापूस वेचायला जाते, डबा कोण करणार. पोर सकाळी चहावर निघते ती संध्याकाळच्या गाडीनं घरी जाऊन जेवते. प्रॅक्टिकलला एकदा चक्कर येऊन पडली. बिस्किटाचा पुडा दिला तर म्हणाली, मॅडम, माझा उपास आहे. सोमवारीही उपास, मंगळवारीही उपास.

मी मॅडमना तुमच्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली. त्या एकदम ताठ बसल्या. दुसऱ्या दिवशी घरून मोठा डबा आणला आणि त्या मुलीला म्हणाल्या, अगं, आज माझ्याकडे पाहुणे येणार होते, आलेच नाहीत बघ. मुलगी म्हणाली, मॅडम, फोन करून विचारायचं ना. लोकेशन टाकलं असतं तर आले असते. सर, मला हसू आवरेना, आणि मग वाईट वाटलं. तुमची युक्ती मोबाईलनं मारली. आता पाहुणे येणार नसले तर आदल्या दिवशीच कळतं.

म्हणून मी काकूंकडे गेलो. म्हटलं, ते पाहुणे खरे होते का खोटे, तुम्हीच सांगा. काकू घरात अजून आपली बोलीच बोलतात. म्हणाल्या, "पहिला डाव खरंच मना भाऊ येणार व्हता." तो आला नाही, आणि नेमका त्या दिवशी एक विद्यार्थी वही द्यायला दारात आला. तुम्ही त्याला बसवलंत. तो जेवला, आणि तो कसा जेवला हे बघून तुम्ही स्वतः जेवला नाहीत. पुढच्या शनिवारपासून पाहुण्यांची रांग लागली. कुठला पाहुणा सांगायचा ते म्हणे काकूच ठरवायच्या, तुम्हाला खोटं बोलताना गावंच आठवायची नाहीत. मग मी त्या मुलीचं सांगितलं. "मी एकली शे रे भाऊ," त्या म्हणाल्या. "एकलीकरता तवा कोण ठेवी? दुपारले मी जेवतच नही. त्या पोरले सांग, मनासंगे दोन घास खाय."

मुलगी ऑफिसच्या खिडकीपाशी भेटली. दाखला मिळाला की नरडाण्याला कामाला लागणार होती. मी तिला तिथलं पॅकिंग कसं असतं ते सांगत बसलो आणि मूळ गोष्ट विसरलोच, तिनंच विचारलं, भाऊ, तुम्ही काय सांगायला आला होतात? मी सांगितलं. एक म्हातारी बाई एकटी आहे, दुपारची जेवत नाही, कोणी सोबतीला बसलं तर दोन घास खाईल. तिनं विचारलं, म्हणजे कामाला ठेवताय का? नाही म्हटलं. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "त्यांच्या स्वयंपाकघरात मी चालेन का?" मॅडम आणि मी तिला घेऊन गेलो. काकूंनी दार उघडलं, नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. भाकर येते का करायला, एवढं विचारून तिला थेट आत नेलं आणि परातीपुढे बसवलं.

ती आता रोज जाते. तिचा दाखला खिडकीत पडून आहे, न्यायला कोणी गेलं नाही. काकूंच्या पिठात मीठ जास्त पडतं म्हणून पीठ तीच मळते, आणि त्यावरून दोघींचं रोज वाजतं. मॅडमनी बोर्ड काढायला लावला, खोलीत कॅरम ठेवला, दार उघडं टाकलं. पोरं खेळायला शिरतात, निघताना खिसे फुगलेले असतात. कोणी काही विचारत नाही.

एक गोष्ट वर लिहिली नाही. काकू दुपारी जेवत नाही म्हणाल्या ना, त्यानंतर मी पाणी प्यायला आत गेलो होतो. ओट्यावर नुकतंच विसळलेलं ताट पालथं घातलेलं होतं, पाणी निथळत होतं. टोपलीतल्या फडक्याखाली हात घातला, तर भाकरी गरम लागली. बाहेर आलो तेव्हा काकू माझ्याकडेच बघत होत्या. सर, जन्मात पहिल्यांदा तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. मॅडमनाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं, पण तुमचा पत्ता म्हणजे तेच घर. काकूंना आता बारीक अक्षर दिसत नाही, काही टपाल आलं की ती पोरच वाचून दाखवते. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.