भट्टी निजवण्याबद्दल

३ मार्च

ति. बाबांना सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? नुसतं ‘बरा’ लिहून माझी बोळवण करू नका.

आमच्या हवा-तपासणी कचेरीत कोळशाच्या सगळ्या चुनाभट्ट्या बंद करायचं ठरलं आहे. त्यात आपलीही आली. आकडेमोड माझीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नाही. दगडाने युगानुयुगे पोटात धरलेला कार्बन आपण भट्टीत मोकळा करतो, वर कोळशाचा धूर. हवा तापत चालली आहे, बाबा. शाळेतून भिजून आले की मी भट्टीच्या भिंतीला टेकून बसायचे, ती ऊब अजून पाठीला आठवते. तरीही सांगते, महिनाअखेर भट्टी निजवा.

लोभ आहेच, तो निवू देऊ नका.

तुमची ठिणगी

९ मार्च

चि. ठिणगीस अ. उ. आ.

खोकला बरा. (झाली बोळवण!)

भट्टी निजवायला कचेरी कशाला हवी? रोज संध्याकाळी झरोके बंद करून, वर राख ओढून निजवतोच की. सकाळी फुंकर घातली की उठते. ‘विझवणे’ हा शब्द तर आपल्या घरात तुझ्या आजोबांपासून वर्ज्य. एक पाहुणा ‘कंदील विझवू का’ म्हणाला, तर तुझ्या आईने त्याला भट्टीजवळून उठवलं होतं!

आणि भिंतीला लागलेला चुना हवेतून तोच वायू परत ओढून घेतो, असं तूच सांगायचीस ना? मग फिटंफाट झाली की.

तब्येतीला जप, माया पातळ करू नकोस.

तुझे बाबा

१७ मार्च

ति. बाबांना सा. न. वि. वि.

फिटंफाट होत नाही. भिंत परत घेते ते थोडं, तेही हळूहळू. कोळशाचा धूर कोण घेणार?

मी लिहिलं ते रोजचं निजवणं नव्हतं. सकाळी उठवूच नका, असं म्हणायचं होतं. दुसरा शब्द लिहायला बसले, पण हात धजला नाही. महिनाअखेर कचेरीची माणसं येऊन झरोके लिंपून टाकतील. परक्यांचा हात आपल्या भट्टीला लागू नये असं फार वाटतं.

रागावलात तरी पत्र धाडा.

तुमची ठिणगी

२७ मार्च

चि. ठिणगीस अ. उ. आ.

मला पहिल्याच पत्रात उमगलं होतं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, तशातली गत. थोडे दिवस मिळाले, तेवढेच.

तुझं खरं असणार. पूर्वी भट्टीवरून बाहेर आलं की वारा गार लागायचा. आता भट्टी कुठे संपते आणि बाहेर कुठे सुरू होतं, कळत नाही.

परवापासून कोळसा घातला नाही. शेजारी खुर्ची टाकून बसलो. तुझी आई गेली त्या दिवशीही ती पेटती होती, आल्यागेल्यांचा चहा तिच्यावरच उकळला. आज दुपारी हात लावला तर गार. फार रडू आलं.

आता येशील तेव्हा नुसती लेक म्हणून ये. आणि तो शब्द तुला लिहावा लागू नये, म्हणून मीच लिहितो. भट्टी विझवली.

तुझे बाबा