जेवणानंतरची गोळी

शुक्रवार, अष्टमी. घाटकोपर, हॉस्पिटलच्या बाकावर.

आईचं पोट मऊ होतं. हेच डोक्यातून जात नाहीये. सकाळी ती गडाबडा लोळत होती, "मी मरतंय गो" म्हणत होती, आणि चाळीखालच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं तर पोट मऊ. उपासाचं पित्त, म्हणाले. मलाही पटलं. आठ दिवस साबुदाणा आणि शेंगदाणे, दुसरं काय होणार?

दुपारी इथे आणलं. इथल्या डॉक्टरबाईंनी आधी नाडी धरली. ठोके वेडेवाकडे. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?" मी म्हटलं, हो, रोज. आई कण्हत म्हणाली, "ती जेवणानंतरची गोळी. घट बसल्यापासून मी जेवतंय खंय?"

बाईंचा चेहराच बदलला. एवढं दुखतंय आणि पोट मऊ, हीच तर धोक्याची खूण, म्हणाल्या. लगेच सीटी केला. हृदयातून सुटलेली गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकलेली. ऑपरेशन झालं. बरंचसं आतडं काळं पडलं होतं, ते कापलं. उरलेलं जगतंय का, ते उद्या पुन्हा पोट उघडून बघणार.

पोट मऊ होतं म्हणून मी सकाळी तिला लिंबूपाणी देत बसले. लिंबूपाणी! आता चिडू तरी कोणावर? देवीवर?

ऑपरेशनला नेताना माझा हात धरून म्हणाली, "उद्या उपास सोडूक वडे आणि काळ्या वाटाण्याचा सांबारा कर गो." मी हो म्हटलं.

आत्ता बाईंना विचारलं, तिला पुन्हा जेवता येईल ना?

त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "किती आतडं उरतं, त्यावर आहे ते."